शून्य वाढून राहिलं

"मॅडम, शून्य वाढून राहिलं," असं सुमनताई म्हणाल्या तेव्हा मी आधी चिडले. सकाळचे दहा वाजले होते, चहा अर्धाच पिऊन झाला होता, आणि तेवीस वर्षं सूर्याचे कण मोजणाऱ्या बाईला हे असलं काही ऐकायची हौस नव्हती. शून्य वाढत नसतं. वाढलं तर ते शून्य कसलं?

"नीट बघा, सुमनताई."

"नीटच बघून सांगून राहिली ना मी. अकरा दिवस झाले. नऊ होतं, मग दहा, बारा, आज चौदा हाये. तुम्ही येऊन बघा."

सुमनताई बेठेकर म्हणजे आमच्या केंद्राच्या अँटेना ऑपरेटर. चिखलदऱ्याच्या पठारावर कॉफीच्या मळ्यामागे आमची तीन खोल्यांची इमारत आहे, एक मोठी तबकडी आहे आणि आम्ही दोघी आहोत. ताई जवळच्याच कोरकू गावातल्या, आयटीआय झालेल्या. आकड्यांना त्या माझ्यासारख्या घाबरत नाहीत. मी कप ठेवला आणि उठले.

आमचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सूर्यावर डाग असतात, स्फोट होतात, तेव्हा क्ष-किरणांचा पूर येतो. तो मोजायला जगात ढीगभर यंत्रं आहेत. पण दर अकरा वर्षांनी सूर्य गप्प होतो. महिनोन्‌महिने एक डाग नाही की स्फोट नाही. त्या काळात त्याच्या वातावरणातून जे अगदी मिणमिणते क्ष-किरण निघतात, ते आम्ही मोजतो. 'सूक्ष्मरश्मी' नावाचा आमचा उपग्रह पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या पोटात नखाएवढी सिलिकॉनची चकती आहे. क्ष-किरणांचा एक कण येऊन आपटला की ती त्याची ऊर्जा सांगते, आणि ऊर्जेवरून कळतं की हा कण मॅग्नेशियमचा, सिलिकॉनचा की गंधकाचा.

इतक्या बारीक मोजमापाचा उपयोग काय, असं मला माहेरच्या प्रत्येक लग्नात विचारलं गेलं आहे. उपयोग असा, की गप्प सूर्य कधीकधी गुपचूप एक लाट फेकतो. डाग नसतो, प्रकाश नसतो, स्फोट दिसत नाही. विद्युतभारित द्रव्याचा एक प्रचंड ढग निघतो आणि दीड दिवसात पृथ्वीवर आदळतो. आम्ही तिला चोरलाट म्हणतो. तिने पृथ्वीचं चुंबकत्व हलतं, शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांत नको तो प्रवाह शिरतो आणि मोठे ट्रान्सफॉर्मर जळतात. एक जळला तर नवा यायला वर्ष लागतं. वाचायचा उपाय एकच, लाट यायच्या आत देशाची वीज बंद करून ठेवायची.

ही लाट आधी ओळखायची युक्ती आमच्याच केंद्राला सापडली. सूर्याच्या वातावरणात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन प्रमाणापेक्षा जास्त असतात, दुधावर साय असते तसे. चोरलाट निघायच्या सुमारास खालचं कोरं द्रव्य वर येतं आणि ते प्रमाण बिघडतं. दूध उतू जायच्या आधी साय फाटते ना, तसंच. मिणमिणत्या क्ष-किरणांत ती फाटलेली साय दिसते, दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

आता शून्य. चकतीवर सूर्याचे नसलेलेही कण आपटत असतात. अवकाशातले भटके असतात, यंत्राच्याच धातूतून सुटलेले असतात. ते वजा करायचे तर उपग्रहाची मान सूर्यापासून वळवायची, चाळीस मिनिटं रितं आभाळ बघायचं आणि तिथे मिळतील तेवढे कण शून्य धरायचे. हे काम कटकटीचं. इंधन जातं, आणि तेवढा वेळ सूर्याकडे आपली पाठ. तीन वर्षांपूर्वी मी ते बंद केलं. सूर्य इतका गप्प होता की त्याच्याकडे बघा नाहीतर रित्या आभाळाकडे, मिनिटाला नऊच कण. मग मी नोंदवहीत लिहिलं, यापुढे दिवसातला सर्वांत शांत तास हेच शून्य धरावं. इंधन वाचलं म्हणून मुख्यालयाने माझं कौतुकही केलं.

इंधनाचं कारण वहीपुरतं होतं. खरं कारण धीरज.

धीरज माझा धाकटा दीर. तीन वर्षांपूर्वी मला साय फाटलेली दिसली, मी वीज बंद करायच्या सूचनेवर सही केली, चौदा तास देश अंधारात बसला आणि लाट आलीच नाही. धीरजचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि तो अमरावतीच्या एका दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होता. बातमी आदल्या दिवशीच फुटली होती. वशिल्याच्या लोकांनी डिझेल आणि सिलिंडर पळवले, आणि दवाखान्याचा जनरेटर अकराव्या तासाला थांबला. चौकशी झाली. दोष कोणाचाच निघाला नाही.

माझा नवरा मंगेश वनखात्यातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झाला. लग्नापासून त्याची एक सवय होती. मी ड्यूटीवरून आले की चपला काढायच्या आत विचारायचा, "काय म्हणतो तुझा सूर्य?" मी म्हणायचे, "गप्प आहे." धीरजच्या तेराव्यानंतर त्याने हे विचारणं सोडलं. भाजीचं बोलायचा, आईंच्या औषधांचं बोलायचा, पण हे नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून मी असं शून्य निवडलं की ज्याने पुन्हा कधी सही करायची पाळी येऊ नये. हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सुमनताईंच्या पडद्यावर अकरा दिवसांचे अकरा आकडे होते. सूर्यच हळूहळू उजळत असेल तर त्याचा सर्वांत शांत तासही उजळणार, आणि मी तोच रोज वजा करत होते. सूर्यातून सूर्य वजा करायचा आणि उरलेलं कोरं पान बघून निवांत घरी जायचं.

"ताई, मान वळवा."

"आता?"

"आत्ता."

ती चाळीस मिनिटं मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. रित्या आभाळातही चौदाच निघाले तर यंत्र म्हातारं झालं, एवढंच. मी मनातल्या मनात चौदा मागत होते. ताईंनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं.

"नऊ," त्या म्हणाल्या. "आभाळ नऊच हाये, मॅडम. वरचे पाच सूर्याचेच."

अकरा दिवसांचे ते नऊच्या वरचे कण गोळा करून मी ऊर्जेप्रमाणे मांडले. नऊ दिवस साय जागेवर होती. कालपासून फाटली होती, आणि तीन वर्षांपूर्वीपेक्षा जास्त फाटली होती.

संचालक डॉ. बिवलकर पडद्यावर आले. माणूस वाईट नाही, पण गेल्या वेळच्या चौकशीने पोळलेला.

"गावंडे मॅडम, किती कणांवर बोलतोय आपण?"

"मिनिटाला पाच."

"पाच कणांवर देश बंद करायचा. आणि हे अकरा दिवस दिसलं का नाही?"

यंत्रावर ढकलता आलं असतं. तेवीस वर्षांत मी ती भाषा चांगली शिकले आहे. पण सुमनताई शेजारी उभ्या होत्या आणि त्यांचे अकरा आकडे पडद्यावर होते.

"शून्य मी चुकीचं धरलं होतं सर. मान वळवायचं मी बंद केलं. चूक माझी."

ते म्हणाले, "सही करणार?"

"करते."

"गेल्या वेळीही केली होतीत."

"हो. गेल्या वेळीही केली होती."

दुपारी एक वाजता मी सही केली. लाट कधी येईल त्याची वेळ नेमकी सांगता येत नाही, चौदा तासांचा पट्टा सांगता येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच ते संध्याकाळी सात. जाहीर सूचना संध्याकाळी सहाला निघणार होती. तोवर घरच्यांनाही अवाक्षर सांगायचं नाही, असा नियम आहे. आधी दवाखान्यांचं डिझेल आणि सिलिंडर कुलपात जातात, मग लोकांना कळतं. हा नियम धीरजनंतर झाला.

दोन वाजता मी घरी पोचले. मंगेश अंगणात स्कूटर पुसत होता. आई खिडकीशी खाटेवर होत्या, नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, आता फुप्फुसं दगा देतात. मशीन विजेवर चालतं. बॅटरी चार तास.

मी स्वयंपाकघरात गेले आणि वांगी चिरायला घेतली. दहा पावलांवर मंगेश होता. सांगितलं असतं तर तो दोन-अडीच तासांत परतवाड्याहून दोन भरलेले सिलिंडर घेऊन आला असता. ते कोणाच्या तरी वाट्याचे असते, हे मला पाठ होतं, पण त्या क्षणी ते कोणीतरी मला दिसत नव्हतं आणि आईंचा श्वास ऐकू येत होता. दोनदा मी विळीवरून उठले आणि दोनदा परत बसले.

सहाला घरातले सगळे फोन एकदम वाजले. मंगेशने वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"सही तुझी?"

"हो."

"कधी केली?"

"एक वाजता."

"म्हणजे पाच तास झाले. आणि तू वांगी चिरत बसलीस."

"मंगेश, धीरजच्या दवाखान्याचं डिझेल असंच—"

"माहीत आहे मला ते," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. खुंटीवरची किल्ली घेतली आणि गेला.

साडेआठला परत आला. सरकारी दवाखान्यात नंबराने एकेक छोटा सिलिंडर देत होते. त्याच्या वाट्याला आला तो पाऊण भरलेला.

"रोजच्या मापाने दहा तास चालेल," काट्याकडे बघत तो म्हणाला. "मशीनची बॅटरी चार. चौदा होतात."

"बंद चौदाच तास आहे."

त्याने मान डोलावली. लाट खरंच आली तर काय, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ते आईंनी विचारलं. पहाटे पाचला पंखा थांबला, मशीन बॅटरीवर गेलं. मंगेश मोरीत पाणी भरत होता.

"वृषाली, ते तुझं वादळ खरंच आलं, तर लाइट सातला येतील का?"

"नाही आई. आलं तर ओसरेपर्यंत बंदच. अजून सहा तास धरा." त्यांनी वर्गात प्रश्न विचारावा तसा विचारला आणि मी उत्तर देऊन बसले. मग माझी जीभ मलाच चावावीशी वाटली.

"बरं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

नऊला बॅटरी संपली. मंगेशने नळी सिलिंडरला जोडली, तो उघड-बंद करायची किल्ली आईंच्या उशाशी येईल असा उभा केला. मग कपाटातून आपलं जुनं होकायंत्र काढलं. या माणसाने त्या काट्यावर सगळा मेळघाट पायी मोजला आहे. चुंबकत्व हललं की काटा हलणार, हे त्याला सांगायला नको होतं. सिलिंडरच्या लोखंडापासून लांब म्हणून त्याने ते व्हरांड्यातल्या लाकडी स्टुलावर ठेवलं, आणि आम्ही दोघं स्टुलाच्या दोन बाजूंना बसलो.

फोन बंद, रस्ता बंद. पठारावर नुसता वारा. दर अर्ध्या तासाने कोणीतरी एक जण आत जायचा, आईंना बघायचा, सिलिंडरचा काटा बघायचा आणि येऊन बसायचा.

मी कशाची आशा धरू तेच मला कळेना. होकायंत्राचा काटा हलला नाही तर मी दुसऱ्यांदा देशाला उगाच अंधारात बसवलं, आणि कुठे कुठे कोणाचे धीरज गेले असतील देव जाणे. हलला तर सहा तास अजून, आणि आईंना पुरेल इतका ऑक्सिजन घरात नाही. खरी ठरले तर माझ्या घरातलं माणूस जातं, खोटी ठरले तर दुसऱ्याच्या घरातलं. मंगेशच्या मनात काय होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. तो काट्याकडे बघत होता.

दुपारी बाराला मी आत गेले. सिलिंडरचा काटा जिथे असायला हवा त्याच्यापेक्षा वर होता. मी नखाने काचेवर टकटक केलं. हलला नाही.

"काटा अडकलाय," मी बाहेर येऊन सांगितलं. "आत दिसतं त्यापेक्षा कमी असणार."

मंगेश जाऊन बघून आला. "जुना माल आहे," म्हणाला. "धरून चालायला नको." मग आम्ही काट्यावरचा विश्वास सोडून घड्याळाच्या हिशोबाने चाललो. तीन वाजता आम्ही धरलं, चार तास उरले. चार वाजता तीन. आई पांघरूण घेऊन पडून होत्या, ओठ जरा निळसर वाटले मला. विचारलं तर म्हणाल्या, "झोपू दे गं."

पाचला मंगेश पहिल्यांदा बोलला. "त्या दिवशी मी दवाखान्याबाहेरच होतो. डिझेल शोधायला गेलो असतो तर मिळालंही असतं. मी तुझ्यावर भरवसा ठेवून बसलो, की लाट येईल आणि हे सगळं कारणी लागेल."

तीन वर्षं मला वाटत होतं तो माझ्यावर रागावलाय.

पाच वीसला तो म्हणाला, "वृषाली, इकडे बघ."

काटा थरथरत होता. आधी वाटलं वाऱ्याने, पण होकायंत्राला काच आहे. मग तो पूर्वेकडे सरकला, थांबला, आणखी सरकला, उत्तरेवर परत आला आणि पुन्हा गेला. ऊन पडलेलं होतं, अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या, कुठेही काही झालेलं दिसत नव्हतं.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. आली. मी खोटी नव्हते. दुसऱ्या क्षणी आईंचा श्वास आठवला.

"किती वेळ?" मंगेशने विचारलं.

"एक वाजेपर्यंत तरी."

आम्ही आत धावलो. घड्याळाच्या हिशोबाने पावणेदोन तासांचा ऑक्सिजन उरला होता आणि हवा होता पावणेआठ तासांचा. मंगेशने काट्याची काच फोडायला हातात बत्ता घेतला, निदान खरं किती आहे ते कळावं म्हणून.

"बत्ता ठेव तो," आई म्हणाल्या. "काटा बरोबर आहे."

"आई, तो अडकलाय."

"अडकलेला नाही. तुम्ही बाहेर गेलात की मी किल्ली बंद करायची. पाय वाजले की सुरू करायची." त्यांना दम लागला, थांबल्या. "सकाळपासून अर्धा तरी वाचवलाय. सहा तासांचा आहे. नळीतली ती प्रवाहाची गोळी थोडी खाली घे, पुरेल मला."

मंगेश बत्ता घेऊन तसाच उभा राहिला. "पण कशाला? सातला लाइट येणार होते ना?"

"तुझी बायको म्हणाली वादळ येणार, म्हणजे येणार. आणि आलं की सहा तास लांबणार, हेही तिनेच सांगितलं. मग हिशोब वीसचा करायचा की चौदाचा?"

सगळ्या घरात माझ्या सहीवर विश्वास ठेवून तयारी करणारं ते एकच माणूस होतं. मी स्वतः ठेवला नव्हता. आणि समोरचा काटा खरं सांगत असताना तो बिघडलाय असं मी ठरवून टाकलं होतं, सलग दुसऱ्या दिवशी. मी खाटेच्या कडेला बसले आणि आईंचा हात धरून रडले. त्या म्हणाल्या, "रडायला हवा जास्त लागते, मला लावू नकोस."

आई वाचल्या. लाइट एकला नाही, दोनला आले. सिलिंडरमध्ये तेव्हा फुंकर मारण्याइतकंही उरलं नव्हतं. देशातले ट्रान्सफॉर्मर शाबूत राहिले. ज्या देशांनी आमची सूचना हसण्यावारी नेली, त्यांतल्या दोन देशांत अजून अंधार आहे. आपल्याकडेही त्या एकवीस तासांत माणसं गेली, आणि त्यांची यादी मी मागवून घेतली आहे. नोंदवहीत माझी चूक मी माझ्या अक्षरात लिहिली. बिवलकरांनी ती खोडायला सुचवलं, मी नाही म्हटलं. आता रोज सकाळी सुमनताई मला न विचारता उपग्रहाची मान वळवतात.

पाचव्या दिवशी मी दोन वाजता घरी आले. मंगेश आईंच्या मशीनची जाळी धुऊन वाळत घालत होता. माझी एक चप्पल अजून पायात होती.

"काय म्हणतो तुझा सूर्य?" त्याने विचारलं.

मी दाराची चौकट धरली. "गप्प आहे," म्हटलं.

"मान वळवून बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणाले, आणि दुसरी चप्पल काढली.